खांबावरची पाटी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते साठतात. मैदानाचं गवत कापलं की मशीनमागच्या पेटीत कात्रण जमतं. पेटी भरली की शेडमागे नेऊन ओतायची. अठ्ठावीस वर्षं मी ओततोय. ढीग कर असं मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी ढीग झालाच. वरून तो वाळलेला दिसतो. आत हात घाला, चटका बसतो. ज्यांनी गवत कापलं आहे त्यांना हे ठाऊक असतं.

मी बहरीनमधल्या एका फुटबॉल क्लबचा ग्राउंड्समन. क्लबचं नाव सांगणार नाही. अस्करच्या वाटेवर आहे, एवढं पुरे. गाव गुहागर तालुक्यात, शिक्षण सातवी.

शुक्रवारी दुपारी शहरातल्या झिंज भागात सुदेशच्या खोलीवर आम्ही चार-पाच कोकणातली माणसं जेवायला बसतो. सुदेश देवरुखचा, क्लबची बस चालवतो. हात धुऊन झाले की तो म्हणतो, "तात्या, जर्मनाचं सांगा." बाकीचे हसायच्या तयारीने भिंतीला टेकतात. मी सांगतो, ते हसतात. मला त्यातल्या एकाही गोष्टीचं हसू येत नाही, राग येतो. पुढच्या आठवड्यात मी कायमचा गावी चाललो आहे. हा राग विमानात मांडीवर घेऊन बसायची माझी इच्छा नाही. म्हणून एकदा लिहून काढतो.

* * *

जर्मन आला तो ऑगस्टमध्ये. नाव मान्फ्रेड ग्रोटे. साठीच्या अलीकडचा, दारात उभा राहिला तर दार भरेल असा, उजव्या पायाने किंचित लंगडणारा. तरुणपणी त्यांच्याकडच्या मोठ्या लीगमध्ये डिफेन्सला खेळलेला. मग कोच झाला, आणि देश फिरत फिरत आमच्याकडे पोचला.

पहिल्या दिवशी तो खेळाडूंना भेटला नाही, ऑफिसात गेला नाही. गाडीतून उतरला तो थेट मैदानात. खिशातून स्टीलची पट्टी काढली, गुडघा न वाकवता कमरेत वाकला आणि माझं गवत मोजायला लागला.

मी पाण्याचा पाइप टाकून गेलो.

"ट्वेंटी नाइन," तो म्हणाला. "टू मच. आय वाँट ट्वेंटी."

"नाउ समर," मी म्हटलं. "ट्वेंटी, ग्रास डेड."

"हाउ यू मेजर?"

मी त्याला अंगठ्याचं वरचं पेर दाखवलं. त्याने माझा अंगठा धरला आणि त्याला पट्टी लावली. एकोणतीस. मग तो मैदानात पाच ठिकाणी वाकला. चार ठिकाणी एकोणतीस निघाले, गोलपोस्टजवळ तीस. "हिअर थर्टी," असं म्हणाला, जसा काही मी एक मिलिमीटर घरी नेणार होतो.

मी अर्धं मैदान त्याच्या मापाने कापलं, अर्धं माझ्या. ऑफिसला विचारलं नाही. दहा दिवसांत त्याचं अर्धं चहाच्या चोथ्यासारखं झालं. माझं अर्धं होतं तसं. तो मधल्या रेषेवर उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता.

संध्याकाळी शेडमध्ये गेलो तर माझ्या मशीनवर ती स्टीलची पट्टी ठेवलेली.

सुदेश म्हणतो, ही त्याची माफी. असेल. पण मेलेलं गवत उपटून नवीन लावायला मी सहा आठवडे उन्हात गुडघ्यावर बसलो. माफी मागणाऱ्याला पट्टी ठेवली की पुरतं. पट्टी मी परत दिली नाही.

* * *

मग त्याने ड्रेसिंग रूमच्या बोर्डावर लिहिलं, प्रॅक्टिस सहा वाजता. खाली दोन रेघा ओढल्या.

सप्टेंबर उजाडला होता. सूर्य मावळतानाची, मगरीबची अजान नेमकी त्याच सुमाराला. सहाला त्याने शिट्टी मारली, आणि शिट्टीच्या मागोमाग अजान झाली. सगळी टीम वळली आणि मैदानाच्या कोपऱ्यात चटया टाकल्या आहेत तिकडे निघून गेली. जर्मन मैदानाच्या मधोमध एकटा. तोंडात शिट्टी, नजर घड्याळात. जागचा हलला नाही.

मी कॉर्नरचे झेंडे लावत होतो. त्याने मला हाक मारली, "वासु! यू नो प्रे?"

माझं नाव वासुदेव. "मॉर्निंग," मी म्हटलं. "डन."

"गुड. वन मॅन ऑन टाइम."

आधीचे कोच अशा वेळी ओरडायचे. एकाने पाण्याच्या बाटल्या लाथाडल्या होत्या, त्या मी उचलल्या. हा ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आला. माझ्या भिंतीवर सुपरमार्केटमधून मिळालेलं कॅलेंडर आहे, त्यावर रोजच्या नमाजाच्या वेळा छापलेल्या असतात. खुर्ची ओढून बसला आणि पुढच्या सगळ्या महिन्यांच्या वेळा वहीत उतरवून घेतल्या. त्या दिवसापासून बोर्डावर एकच ओळ राहिली. "मगरीब + १२."

बारा का, तर त्याने मोजलं होतं. नमाजाला सात मिनिटं, बूट परत बांधायला पाच. आमच्या गोलकीपरला बूट बांधायला पाच मिनिटं लागतात, हे त्याच्या बायकोलाही माहीत नसेल.

त्यानंतर एकाही प्रॅक्टिसला उशीर झाला नाही. सगळे म्हणाले, काय हुशार माणूस. यात कसली हुशारी? कॅलेंडर भिंतीवरच होतं. त्याच्या आधी अकरा कोच होऊन गेले, एकानेही मान वर करून बघितलं नाही.

* * *

थंडी सुरू झाली तसा तो पहाटे मैदानात यायला लागला. बूट-मोजे काढायचा आणि अनवाणी चालायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग दोन पावलं सरकून परत. शेतात नांगर धरल्यासारखा.

चार दिवस मी बघितलं. पाचव्या दिवशी आडवा गेलो.

"व्हॉट यू सी?"

"होल."

"माय ग्राउंड नो होल."

"एव्हरी ग्राउंड होल," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

आमच्याकडे कुंपणाखालून कुत्री शिरतात आणि उकरतात, ही गोष्ट खरी. पण तो उठायच्या आधी मी उठतो आणि उकरलेलं बुजवतो. ते माझं काम. माझ्या कामावर दुसरा माणूस अनवाणी चालून तपासणी करतो, हे मला सहन होईना. मी त्याच्या बाजूने चालायला लागलो. तो दोन पावलं सरकला की मीही सरकायचो. तसे आम्ही पाऊण तास चाललो. एक खड्डा सापडला नाही.

शेवटी तो गोलपोस्टला टेकून उभा राहिला आणि उजवा गुडघा दाखवला. वरपासून खालपर्यंत शिवण.

मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं ते असं. वय सव्वीस. देशाच्या टीमच्या कॅम्पला बोलावणं आलेलं, सोमवारी जायचं. शनिवारी एका लहान गावात मॅच. त्यांच्याकडे जमिनीखालून बीळ करत जाणारा एक प्राणी असतो, आपल्या घुशीच्या जातीचा. त्याच्या बिळात पाय गेला. गुडघा एका बाजूला, हा दुसऱ्या बाजूला. खलास. त्यानंतर मोठ्या मैदानात तो पुन्हा उतरलाच नाही. उभ्या आयुष्यात जे काही खेळायचं होतं ते त्या शनिवारी संपलं, आणि सोमवारपासून तो दुसऱ्यांना खेळायला शिकवतोय.

"द ग्राउंडमन, वेबर," तो म्हणाला. इतकी वर्षं झाली, त्या माळ्याचं नाव त्याला पाठ होतं.

मी विचारलं, "वेबर केम हॉस्पिटल?"

"नो. ही वॉज शेम. ही सेंट टोमॅटो. फ्रॉम हिज गार्डन. एव्हरी समर, टिल ही डाइड."

"यू ईट?"

जर्मनाने मोजे-बूट चढवले, नाडी बांधली, मग म्हणाला, "ऑल."

* * *

आता पाटीचं सांगतो. सगळा राग तिथे आहे.

क्लबच्या गेटमधून आत आलं की ऑफिससमोर गाड्या लावायच्या जागा. पहिली अध्यक्षांची, दुसरी सेक्रेटरींची, तिसरी कोचची. प्रत्येक जागेवर लोखंडी खांब आणि त्यावर पत्र्याची पाटी. कोचच्या पाटीवर नाव इंग्लिशमध्ये, खाली अरबीत. चार स्क्रू. लावायचं काम माझं, आणि काढायचंही माझं.

टीम हरत गेली की क्लब चालवणाऱ्या बोर्डाची मीटिंग होते. कोचला काढायचं ठरतं. पण हे त्याला कोणी सांगत नाही. तोंडावर वाईट बोलायचं कसं, म्हणून सगळे गप्प. ऑफिसातून फोन येतो तो मला. "काका, पाटी काढून ठेवा." बस. दुसऱ्या दिवशी कोच गाडी घेऊन येतो, समोर नुसता खांब दिसतो, आणि त्याला जे कळायचं ते कळतं.

असे अकरा जण मी बघितले. एक ब्राझीलचा होता, तो गाडीतून उतरलाच नाही. इंजिन चालू ठेवून तासभर खांबाकडे बघत बसला. एक ट्युनिशियाचा, त्याला वाटलं पाटी रंगवायला नेली. दोन दिवस रोज मला विचारायचा, "रंग वाळला का?" दोन्ही दिवस मी "मफी" म्हटलं, म्हणजे अजून नाही. शेडमध्ये जाऊन दार लावून घेतलं. ती माझी लाज आहे, कोणा ऑफिसची नाही.

हल्ली फोन करणारा आपलाच माणूस. अभ्यंकर, ॲडमिनला. पुण्याचा, इंजिनिअरिंग करून मग एमबीए केलेला. माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी म्हणाला, "काका, तुम्ही मराठी? वा, काही लागलं तर सांगा." त्यानंतर मला जे काही लागलं ते मी सुदेशला सांगितलं. तरी मी त्याला कायम अभ्यंकरसाहेब म्हणत आलो आणि अहो-जाहो केलं. पदाचा मान असतो. वय घरी ठेवून यायचं असतं.

मी त्याला एकदा विचारलं होतं, "साहेब, हे तुम्ही त्यांना सरळ का सांगत नाही?"

तो म्हणाला, "काका, बोर्डाचा निर्णय असतो. आपण फक्त प्रोसेस फॉलो करायची."

प्रोसेस म्हणजे माझा स्क्रूड्रायव्हर.

काढलेल्या पाट्या टाकून द्या असं ऑफिस म्हणतं. मी टाकत नाही. माणसाचं नाव कचऱ्यात टाकू नये, असं आई सांगायची. शेडमध्ये एक लाकडी खोका आहे, त्यात त्या उभ्या लावून ठेवल्या आहेत.

* * *

जानेवारीत जर्मन रेषा मारायची दोरी मागायला शेडमध्ये आला आणि तो खोका त्याला दिसला.

एकेक पाटी उचलून त्याने नाव मोठ्याने वाचलं. अकरापैकी चौघं त्याच्या ओळखीचे निघाले. "धिस मॅन, ग्रीस, आफ्टर मी." "धिस मॅन, बिफोर मी, इजिप्त." यांची एकच पंगत असते बहुतेक. एक उठला की दुसरा त्याच पानावर बसतो.

मग त्याला प्रश्न पडला की खोक्यात या पाट्या कशा आल्या. मी सांगितलं. फोन, स्क्रू, खांब, सगळं.

तो रंगाच्या डब्यावर बसला. आणि त्याला कुठून कुठून कसं काढलं, ते त्याने बोटांवर मोजत सांगितलं. त्याच्याच देशात तो गाडी चालवत होता, रेडिओवर बातमी लागली की ग्रोटे गेला. त्याने गाडी वळवली आणि घरी गेला. ग्रीसला ऑफिसचं कुलूप बदललेलं, किल्ली लागेना. इजिप्तला टॅक्सीवाल्याने सांगितलं, वर विचारलं, "आता कुठे सोडू?" चीनमध्ये त्याला भाषांतर करून देणारी बाई होती. एका सकाळी तो बोलतोय, बोलतोय, आणि ती गप्प. तो म्हणाला, सांग ना त्यांना. ती खाली बघत राहिली.

"थर्टी इयर्स कोच," तो म्हणाला. "नो मॅन सेज टु माय फेस. नॉट वन."

मी पाट्या परत खोक्यात लावायला लागलो.

"वासु. व्हेन इट कम्स, यू टेल मी. यू. नॉट द पोल."

"मी ग्रास मॅन," मी म्हटलं.

"येस. फॉर दॅट."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दोरी दिली. माझ्या व्हिसाचं रिन्यूअल दर मार्चला असतं. साठी उलटल्यावर ते आपोआप होत नाही, क्लबने पत्र द्यावं लागतं. ते पत्र अभ्यंकर टाइप करतो. हे जर्मनाला माहीत नव्हतं. मला होतं.

* * *

त्याची पाटी कोणत्या दिवशी ढिली झाली, हे मी आणि सुदेश दोघांनाच नीट ठाऊक.

बाहेरच्या मैदानावर मॅच होती. बस सहा वाजता सुटणार असं बोर्डावर लिहिलेलं. सहाला सगळे बसमध्ये, फक्त एक स्ट्रायकर नाही. तो स्ट्रायकर म्हणजे अध्यक्षांचा भाचा. तो येईपर्यंत बस थांबते, ही रीत त्या मुलाच्या मिशा फुटायच्या आधीपासूनची.

"यल्ला," जर्मन म्हणाला. "गो."

सुदेश म्हणाला, "सर, वन मिनिट. प्रेसिडेंट्स..."

"सिक्स," जर्मनाने घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं.

सुदेशने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी किटच्या पेट्यांवर बसलो होतो. "तात्या, काय करू हो? हा भाचा माझं लायसन खाईल."

"बस तुझी का त्याची?" मी म्हटलं.

"क्लबची."

"मग क्लबचा कोच सांगतोय, गिअर टाक."

सुदेशने गिअर टाकला. गेटबाहेर वळताना भाच्याची पांढरी गाडी आत शिरत होती. हॉर्न वाजवत तो मागे लागला, रस्ताभर दिवे मारत होता. जर्मनाने पडदा ओढून घेतला.

मैदानावर पोचल्यावर भाचा कपडे बदलायला लागला. जर्मनाने त्याला बाकावर बसवलं आणि मॅच संपेपर्यंत उठवलं नाही. त्या दिवशी आम्ही तीन-शून्याने जिंकलो. खाली घसरायच्या वाटेवरची टीम आमची, आणि तीन गोल. पोरं बसमध्ये नाचत होती.

सुदेश गाडी चालवता चालवता म्हणाला, "जिंकलो, तात्या. आता काय करतील त्याला?"

मी म्हटलं, "हरायची वाट बघतील."

पाच मॅच वाट बघितली त्यांनी. पाचही मॅच भाचा बाकावर, आणि आम्ही एकही हरलो नाही. सहावी हरलो. एका गोलाने, तोही पेनल्टीवर.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन आला. मी शेडमागे होतो.

"काका, पाटी काढून ठेवा."

"कोणाची?"

"काका, प्लीज. कोचची."

"पाचात एकही हरला नाही तो."

"तो आपला विषय नाही ना. आजच काढा, उद्या सकाळी तो यायच्या आत."

मी म्हटलं, "साहेब, त्याला बोलावून सांगा. मोठा माणूस आहे. पाटी मी नंतर काढतो."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "काका, तुमच्या रिन्यूअलचं पत्र माझ्यासमोर टेबलावर आहे. सही व्हायची बाकी आहे. आपण कशाला उगाच या वयात..."

मी फोन ठेवला.

अठ्ठावीस वर्षांत मला या क्लबमध्ये कोणी धमकी दिली नव्हती. अरबाने नाही, मल्याळ्याने नाही. दिली ती माझ्या भाषेत, काका म्हणून.

शेडमागच्या जुन्या ढिगावर मी थंडीत टोमॅटो लावतो. खत फुकट, पाणी मैदानाचं. पिशवीभर तोडले. खोलीवर जाऊन अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सुदेशला म्हटलं, "मला जर्मनाच्या बिल्डिंगपाशी सोड." जर्मन झिंजलाच राहायचा, सुदेशच्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून.

वाटेत सुदेश म्हणाला, "तात्या, आधी सॉरी म्हणा हां. इंग्लिशमध्ये तशी पद्धत आहे."

"मी काय केलंय सॉरी म्हणायला?"

"तसं नाही हो. आणि तुमच्या व्हिसाचं काय?"

"गाडी चालव."

चार वाजले होते. जर्मनाने दार उघडलं. हाफ पँट, गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधलेली. मागे टीव्हीवर कालच्याच मॅचचं रेकॉर्डिंग, ती पेनल्टी थांबवून ठेवलेली. बस म्हणाला. मी बसलो नाही.

"कोच," मी म्हटलं. "ऑफिस फोन. यू फिनिश. खलास."

त्याने आधी टीव्ही बंद केला. मग विचारलं, "हू सेड?"

"अभ्यंकर."

"टु यू?"

"टु मी."

"नॉट टु मी."

"नो."

त्याने मान हलवली. मी पिशवी पुढे केली. त्याने ती उघडून आत बघितलं आणि बघतच राहिला. बर्फाचं पाणी पायावरून फरशीवर गळत होतं.

"वेबर," तो म्हणाला.

"नो," मी म्हटलं. "वासुदेव."

मी जिना उतरायला लागलो तेव्हा त्याने वरून विचारलं, "ऑफिस, व्हॉट टाइम?"

"एट."

"गुड. एट."

* * *

दुसऱ्या दिवशी आठला पाच कमी असताना अभ्यंकरने मला आत बोलावलं. मी दारातच उभा राहिलो. पायाला चिखल होता.

ऑफिसात तो होता, आणि आमचे टीम मॅनेजर अबू फैसल. अबू फैसल माणूस वाईट नाही. माझ्या मुलीच्या लग्नाला त्याने खजुराची पेटी पाठवली होती. पण मुंगीलाही वाट सोडून चालणारा.

"काका, पाटी अजून खांबावर आहे," अभ्यंकर म्हणाला.

"आहे."

"मी काल काय सांगितलं होतं?"

मी उत्तर द्यायच्या आत दार उघडलं. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर आठ. जर्मन आत आला. सूट, गळ्यात क्लबचा टाय, बूट चकचकीत. त्याला त्या कपड्यात मी फक्त करारावर सही करतानाच्या फोटोत बघितलं होतं. तो टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"गुड मॉर्निंग. यू हॅव समथिंग टु से टु मी."

अबू फैसल उठला, दोन्ही हात पसरून म्हणाला, "हबीबी! कॉफी?"

"नो कॉफी. से."

अबू फैसलने त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. मग त्याच्या बायकोची. मग हवा किती छान पडली आहे ते सांगितलं. जर्मन तसाच उभा. शेवटी अबू फैसलने खिशातून फोन काढला, न वाजलेला फोन कानाला लावला, "इंशाल्ला, इंशाल्ला" म्हणत माझ्या बाजूने बाहेर निघून गेला.

उरला अभ्यंकर. जर्मन त्याच्याकडे वळला.

"यू."

"सर, ॲक्च्युअली, देअर विल बी ॲन ईमेल..."

"नो ईमेल. माउथ."

"सर, इट इज द बोर्ड..."

"बोर्ड इज नॉट हिअर. यू आर हिअर. से."

अभ्यंकरने कॉम्प्युटरकडे बघितलं. कॉम्प्युटर बंद होता. टेबलावर माझं पत्र होतं, ते त्याने उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एवढं शिकलेला माणूस, एवढं इंग्लिश, आणि चार शब्द त्याला जुळेनात. मला ते काल एका दमात जमले होते.

शेवटी तो माझ्याकडे वळला आणि हळूच मराठीत म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा ना त्याला."

मी म्हटलं, "मी काल सांगितलं. आता तुझी पाळी."

जर्मनाला मराठी येत नाही. त्याने एक खुर्ची ओढली, अभ्यंकरच्या अगदी समोर बसला, आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर, माझ्या बिनसहीच्या पत्रावर ठेवलं.